पाच किलोची बॅटरी

“वहिनी, तीन किलोची घ्या की! दोन किलो उगाच कशाला वाहताय?” धाकट्या दिराने दुकानातच चिडवलं.

गेल्या वर्षी घाटाच्या शर्यतीत शाल्मली त्याच्याकडून अर्ध्या सेकंदाने हरली होती. दोघांच्या स्पोर्ट्स कारमधल्या अठरा किलोंच्या जुन्या बॅटऱ्या काढून हलक्या बसवायच्या होत्या. तरी तिने पाच किलोचीच निवडली. “भावजी, छोटी बॅटरी थंडीत दम सोडते.”

हसत त्याने तीन किलोची घेतली.

शर्यतीच्या सकाळी हाडं गोठवणारी थंडी होती. शाल्मलीची गाडी लगेच सुरू झाली. त्याची नुसती कुरकुरली. शाल्मली उतरली. जोर लावून तिनेच त्याची गाडी ढकलून सुरू करून दिली. मग घाटात त्याला दोन सेकंदांनी हरवलं.

“वहिनी, हरवायचंच होतं तर ढकललं कशाला?”

“बंद गाडीला हरवलं, असं लेकीला कसं सांगू?” करंडक कडेवर घेत ती म्हणाली.