हेडलाइटची वायर

रश्मीला चाकणच्या कंपनीत दुसरी शिफ्ट लागली आणि तिच्या मोटरसायकलचा हेडलाइटच बंद पडला. बल्ब बदलला, फ्यूज तपासला, तरी उजेड नाही. शिफ्टवरून नवरा रोज कुरकुरायचा, त्यामुळे तिचा संशय त्याच्यावरच होता. आज निघण्याआधी तिने हेडलाइट स्वतः खोलला. आतली वायर तुटलेली निघाली. "उंदराचं काम हाय," सासरे घाईघाईने म्हणाले. रश्मीने वायर उजेडात धरली. तुटल्या टोकाला, ठिणगी उडू नये म्हणून, टेप नीट गुंडाळलेली होती. नवऱ्याला साधा बल्बही बदलता येत नव्हता. सासरे अण्णा मात्र भोसरीतले जुने वायरमन होते. "अण्णा, उंदीर टेप लावतो?" अण्णांची मान खाली गेली. "त्या रस्त्याला लय ट्रक असत्यात, पोरी. लाइट नसली तर जाणार न्हाईस, वाटलं." "लाइट नसली तरी जाणारच, अण्णा." अण्णांनी वायर जोडायला घेतली.