लहान मापाचे दगड

"केवढा हवा?" कारागिराने विचारलं.

मास्तरांनी दोन्ही हात थोडे लांब धरून दाखवले. मग आपण दगडाचं नाही, नातवाचं माप दाखवतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात खिशात घातले.

सून दारातच उभी होती. तिचा नवरा बाहेर गाडीत बसला होता, आतून लॉक लावून; उगाच कुणी बाहेर ओढून दगड पसंत करायला लावू नये.

कबरीच्या दगडांचा कारखाना होता. दर्शनी भागात नमुन्यादाखल एक झकास काळा दगड उभा केला होता. भलत्याचं नाव कशाला घाला, म्हणून कारागिराने त्यावर स्वतःचंच कोरलं होतं. नाव, जन्मतारीख, आडवी रेघ आणि पुढे मोकळी जागा. गिऱ्हाइकं दगडाकडे बघत, मग त्याच्याकडे बघत, आणि घासाघीस करायचं विसरून जात.

"नाव काय टाकू?"

"ठेवलं नव्हतं," सून म्हणाली. "रडलाच नाही तो."

"जन्मतारीख?"

तिने सांगितली. कारागिराने पेन्सिल तशीच धरून ठेवली. "आणि दुसरी?"

"तीच."

"मग एकदाच टाकू. उगाच गर्दी दिसते."

मास्तर खाकरले. त्यांचा उभा जन्म हिब्रू धर्मग्रंथ शिकवण्यात गेला होता. "खाली एक वचन हवंय. देव आपल्या संदेष्ट्याला सांगतो ते. आईच्या पोटात तुला घडवलं, त्याच्याही आधीपासून मी तुला ओळखत होतो."

"बाबा, ते नको."

"अगं, ऐकून तरी घे."

"घरापासून तेच ऐकतेय. आधीपासून माहीत होतं ना त्याला? मग पाळणा कशाला आणू दिला? मी पोट सांभाळत अख्खी भिंत रंगवली, तर वरून चकार शब्द नाही."

"माहीत असणं वेगळं आणि ओळखणं वेगळं, सूनबाई. मूळ शब्दात माया आहे. ओळखलं म्हणजे आपलं म्हटलं. आपण कुणी बघायच्या आधी कुणीतरी त्याला आपलं म्हटलं होतं, एवढाच अर्थ..." सुरुवात त्यांनी वर्गातल्या आवाजात केली होती, पण वाक्य संपेपर्यंत वर्ग सुटला होता.

"आपलं म्हटलं आणि लगेच परत मागून नेलं. शेजाऱ्याने शिडी न्यावी तसं."

मास्तरांनी मनातल्या मनात पानं उलटली. शिडीचा एक दाखला ग्रंथात होता, पण तो इथे लागू पडेना.

असली भांडणं कारागिराला नवी नव्हती. "ताई, आधी दगड तर बघून घ्या," असं म्हणून त्याने दोघांना मागच्या खोलीत नेलं.

तिथे भिंतीला लागून लहान मापाचे दगड उभे होते. पांढरे, एका उंचीचे, वर्गाच्या फोटोला उभे केल्यासारखे. वरची जागा कोरी होती. खाली प्रत्येकावर तेच वचन.

"बहुतेक जण हेच सांगतात, म्हणून मी घालूनच ठेवतो," कारागीर म्हणाला. "थंडीत हाताला दुसरं काम नसतं. कडा मुद्दाम गोल केल्यात, लागू नये म्हणून."

कुणाला, ते त्याने सांगितलं नाही.

सून पहिल्याच दगडापाशी खाली बसली. "हा कधी केलात?"

"हा? झालं की वर्ष."

"वर्षापूर्वी मला दिवससुद्धा गेले नव्हते."

"हो ना," कारागीर म्हणाला. त्याला ते कौतुक वाटलं. "माल तयार असला की माणसांना थांबावं लागत नाही."

मास्तर दगडावरचं वचन वाचत होते. आयुष्यभर पाठ असलेलं वचन ते बोट लावून, अक्षर अक्षर जुळवून वाचत होते.

"आणि बाकीचे कुणाचे?" तिने विचारलं.

"अजून कुणाचेच नाहीत."

"उरतात कधी?"

त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही हो. बरोबर पुरतात."

तिने ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. कुठल्यातरी घरात आत्ता कुणीतरी भिंतीला पिवळा द्यावा की निळा, यावरून नवऱ्याशी हुज्जत घालत असणार. ती उठून उभी राहिली.

"यंदा करू नका."

"काय?"

"हे दगड. यंदाच्या थंडीत एकही करू नका. बसून राहा, पत्ते खेळा, काहीही करा."

"सूनबाई, चल," मास्तर म्हणाले.

"बाबा, एकदा बघू तर द्या. कुणी आधीपासून तयारच नसेल, तर काय होतं ते."

कारागिराने टोपी काढून डोकं खाजवलं. "तसं झालंय एकदा. एका थंडीत माझी पाठ धरली होती. आडवाच होतो. एकही दगड झाला नाही."

तिने त्याचा धुळीने पांढरा झालेला हात घट्ट धरला. "मग?"

तिला बरं वाटेल असं काहीतरी सांगावं, असं त्याला फार वाटलं. पण आठवलं तेच तोंडातून गेलं.

"मग काय, ताई. सगळे घाईत करावे लागले. अक्षरं वाकडी आली."