मागच्या रांगेतला, कडेचा

काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम घेऊन फोटोवाला काकूंच्या दारात उभा राहिला, आणि आधी त्याला दिसला तो भिंतीवरचा माणूस. खुर्चीत बसलं की नजरेला नजर भिडेल, अशा बेतानं काकूंनी त्याला टांगला होता. काच लख्ख पुसलेली होती.

हा माणूस काकूंचा नवरा नव्हता.

घोळ फोटोवाल्याचाच. छापखान्यातल्या कामगारांचा एक जुना फोटो काकूंनी त्याच्याकडे आणून दिला होता. गेलेल्या नवऱ्याचा तेवढा एकच फोटो उरला होता. "मागच्या रांगेत, अगदी कडेला," एवढं सांगून त्या गेल्या. रांगेला दोन कडा असतात हे फोटोवाल्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यानं पहिली दिसली ती कड धरली, तिथला चेहरा मोठा केला, डाग-बिग साफ केले आणि फ्रेम करून दिली. काकूंनी ती बराच वेळ न्याहाळली होती. "हेच का हो?" असंही विचारलं होतं. दुकानात गर्दी होती, म्हणून त्यानं ठोकून दिलं, "अहो काकू, हेच! दुसरं कोण असणार?"

काल दुकानात एक गिऱ्हाईक आलं. काउंटरवर त्याच चेहऱ्याची एक जास्तीची प्रत पडली होती, ती बघून ते ओरडलंच, "अरेच्चा, हे तर आमचे बाबा!" बाबा चांगले ठणठणीत होते. घरी बसून टीव्हीच्या आवाजावरून सुनेशी वाद घालत होते. गिऱ्हाईक गेल्यागेल्या फोटोवाल्यानं दुसऱ्या कडेचा चेहरा मोठा करायला घेतला. या वेळी एकही डाग पुसला नाही.

"या, बसा ना," काकू म्हणाल्या. खोलीत खुर्ची एकच होती. ती त्याला देऊन त्या पलंगावर टेकल्या. "तुमचे फार उपकार आहेत हो. इतक्या वर्षांत ह्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून पार पुसून गेला होता. खोटं कशाला बोलू, फ्रेम आणली तेव्हा सुरुवातीला मला हे परकेच वाटले. म्हटलं, काय बाई आहेस, नवऱ्यालासुद्धा विसरलीस! फार रडले. मग आठवत गेलं हळूहळू. आता डोळे मिटले तरी हेच दिसतात. संध्याकाळी बोलत बसतो आम्ही. म्हणजे मीच बोलते. ह्यांचं बोलणं तेव्हाही मोजकंच होतं."

फोटोवाल्यानं काखेतली फ्रेम मांडीवर घेतली.

"एकाच गोष्टीचा राग आहे तुमच्यावर. ह्यांच्या भुवईवर व्रण होता, छपाईच्या यंत्राचा दांडा लागून झालेला. तो पुसलात तुम्ही. तुम्हाला डाग वाटला असेल."

आता सांगणं भागच होतं. त्यानं वर्तमानपत्र सोडलं आणि नवी फ्रेम काकूंच्या हातात दिली.

काकू ती घेऊन खिडकीपाशी गेल्या. चष्मा वर सरकवून त्यांनी पाहिलं. भुवईवरच्या व्रणावर बोट ठेवलं, आणि ते बोट तिथंच राहिलं. फोटोवाला खुर्चीतून उठला.

"यालाही लागलं होतं वाटतं," काकू अखेर म्हणाल्या. "मेलं ते यंत्रच वाईट होतं. कुणाकुणाला लागलं असेल, देव जाणे."

"काकू, जरा नीट बघा ना."

"बघितलं की. चेहरा ओळखीचा वाटतोय खरा. ह्यांच्याबरोबर कामाला असणार. नाव काही केल्या आठवत नाही बघा." त्यांनी पदरानं काच पुसली. "याला नेणारं कुणी नाही का?"

फोटोवाल्यानं मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"मग राहू दे इथंच. भिंत काय, मोकळीच आहे. डोळे मायाळू आहेत हो याचे."

काकूंनी कपाटातून हातोडी आणि खिळा काढून दिला. त्यानं पहिल्या फ्रेमच्या अगदी शेजारी, एका रेषेत, खिळा धरला.

"अहो, तिथं नको," काकू घाईनं म्हणाल्या. मग भिंतीवरच्या माणसाकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "थोडा लांब, तिकडे दाराजवळ लावा. संध्याकाळी आमचं घरातलं बोलणं चालतं. परक्या माणसानं ऐकलेलं ह्यांना आवडायचं नाही."