सांभाळाचा तपशील

“आधी भरेल त्याची आई,” हेडमास्तर म्हणाले, आणि नवरदेव खो-खो हसला. ताईही हसली.

दर बुधवारी दुपारी दोन ते तीन हे तिघे करसल्लागार आपापली ऑफिसं बंद करून झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत जमत आणि अडलेली विवरणपत्रं एकमेकांपुढे ठेवत. अशिलाचं नाव घ्यायचं नाही, हा नियम. तो ताईनेच घातलेला. एकमेकांनाही ते टोपणनावानेच हाक मारत. हेडमास्तर सगळ्यांत जुने. दुसऱ्याची बेरीज तपासायची म्हटलं की लाल पेन उघडत. नवरदेव या धंद्यात गेल्याच वर्षी आला होता आणि दर वेळी कडक इस्त्रीत यायचा.

आजचा पेच नवरदेवाचा होता. त्याचे एक अशील, पगार गलेलठ्ठ. आई अंथरुणाला खिळलेली. अशा आईला सांभाळणाऱ्याला करात मोठी सवलत मिळते, पण ती एकाच मुलाला. आणि आई राहते अशिलाच्या बहिणीकडे. तर ह्यांना ती सवलत घेता येईल का? त्यावर हेडमास्तरांचं उत्तर तयार होतं. ज्याचं विवरणपत्र आधी पोचतं त्याला सवलत मंजूर होते. मागून येणाऱ्याने बसावं चपला झिजवत.

बहिणीचं काय, असं ताईने विचारलं.

“ती म्हणे अगदी शेवटच्या दिवशी भरते,” नवरदेव म्हणाला. “आणि तिची कमाई ती केवढी! साहेब म्हणाले, तिला काय फरक पडतोय.”

त्याने डॉक्टरांच्या दाखल्याची प्रत पुढे सरकवली. नियमाप्रमाणे नावावर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती. खाली अंगठ्याचा ठसा होता, आणि त्याला लागून दुसऱ्या कुणाच्या तरी बोटाचा अर्धा ठसा.

ताईने दाखला हातात घेतला. तिच्या आईची मूठ उघडत नाही. तो अंगठा कागदावर दाबताना ताईचं शाई लागलेलं बोट शेजारी उमटलं होतं. गेल्या महिन्यात दादाने हीच प्रत मागून नेली होती, पेन्शनच्या कामाला म्हणून.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती स्वतःचं विवरणपत्र सगळ्या अशिलांची उरकल्यावर शेवटच्या दिवशी भरायची, हे दादाला पक्कं ठाऊक होतं. ही सवलत गेली की आईजवळ दिवसभर बसणारी बाई गेली. बाई गेली की ताईचं काम गेलं. त्याला मात्र त्यातून बहुतेक नव्या गाडीचे टायर मिळाले असते.

तिने दाखला खाली ठेवला.

“सवलत मिळेल,” ती म्हणाली. “मागच्या पानावर ‘सांभाळाचा तपशील’ असा रकाना आहे बघ. त्यात काय लिहिलंयस?”

“‘आईची सर्वतोपरी काळजी घेतो.’”

“चालतं की,” हेडमास्तर म्हणाले. “सगळे हेच लिहितात.”

यंदा चालत नाही, ताई म्हणाली. मागच्याच आठवड्यात तिच्या एका अशिलाला अधिकाऱ्याचा फोन आला होता. वडिलांना दिवसाला गोळ्या किती, एवढंच विचारलं. अशील अडखळला. सवलत तर गेलीच, वर सही करणाऱ्या सल्लागाराला, म्हणजे तिला, दंड बसला. यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

नवरदेवाचा हात कॉलरकडे गेला. “मग काय करू, ताई?”

“विचार ना त्यांना. गोळ्या किती, आणि कुठल्या कुशीवर झोपवता. रोज करणाऱ्याला तोंडपाठ असतं.”

नवरदेवाने फोन लावला. अशील आधी वैतागले, मग दोन मिनिटांत कळवतो म्हणून त्यांनी फोन ठेवला.

“दोन मिनिटं कशाला लागतात?” हेडमास्तर पुटपुटले.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. पडद्यावर ‘दादा’. तिने स्पीकर सुरू करून फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

“अगं, आईला गोळ्या किती असतात दिवसाला? आणि ते कुशीचं काय असतं? पटकन सांग, इथे एक माणूस खोळंबलाय.”

आवाज ओळखायला नवरदेवाला वेळ लागला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला. फोन बंद करायला त्याने हात पुढे केला, तर हेडमास्तरांनी त्याचं मनगट धरलं.

ताईने आजवर कुणावर आवाज चढवला नव्हता. आत्ताही चढवला नाही.

“लिहून घे, दादा,” ती म्हणाली. “पहाटे पाचपासून सांगते.”

ती सांगू लागली. पाचला डाव्या कुशीवरून उजवीवर. एकटीनं वळवायचं तर आधी गुडघा दुमडायचा, मग खांदा. पाठीला जुनी जखम आहे, तिथं चादरीची सुरकुती राहू द्यायची नाही. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. मग लंगोट. ती तोंड फिरवते, तेव्हा आपणही दुसरीकडे बघत बोलत राहायचं, म्हणजे तिला लाज वाटत नाही.

“बरं, बरं,” दादा म्हणाला. “नुसता आकडा सांग गं.”

“येतेय आकड्यावर. पहिली गोळी अजून व्हायचीय. आधी ओल्या कापसानं ओठ पुसायचे, नाहीतर गोळी टाळूला चिकटते.”

नवरदेवाने पाकिटातून विवरणपत्र काढलं आणि आवाज होऊ नये म्हणून सावकाश, बोटभर बोटभर फाडलं. पलीकडून आता “बरं” येत नव्हतं. फोन मात्र चालू होता.

तीन वाजून गेले. कुणी उठलं नाही. सांगता सांगता ताई सकाळच्या साडेसहापर्यंत आली होती.