गेलेला

कबुतरं पाळणाऱ्यांच्या चर्चेच्या संकेतस्थळावर शोधून काहीच सापडत नाही, अशी युसूफचाचांची तक्रार होती. म्हणून ते चालवणारी सायली छावणी भागातल्या त्यांच्या घरी अंगणात येऊन बसली. चाचांनी मोबाइलवर लिहून दाखवलं, ‘गेलेला परत येण्यासाठी उपाय’. पडदा कोराच राहिला. सायलीला चूक लगेच दिसली. “चाचा, उर्दूत तो कबूतर, मराठीत ते कबूतर. ‘गेलेलं’ लिहा. पुढं दोन्ही चालतील असं करते मी.” चाचांनी शब्द बदलला आणि उत्तरं आली: दार उघडं ठेवा, त्याचं भांडं जागचं हलवू नका, रोज त्याच वेळी हाक मारा. “हे सगळं करून झालं,” चाचा म्हणाले. सायलीनं पिंजऱ्याकडं पाहिलं. एकही खण रिकामा नव्हता. घराच्या उघड्या दारातून आत वाढून झाकून ठेवलेलं ताट दिसलं. “मराठी येते मला, बेटा. पोरगा घर सोडून गेलाय. ‘गेलेला’च लिहायचं होतं.”