काना-मात्रा राहिल्या

कॉम्प्युटर बिघडलेला नव्हताच. देवानंदने वायर टीव्हीला जोडली, मागचं बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकू लागली. कीबोर्डाच्याच पोटात अख्खा कॉम्प्युटर, सोळा वर्षं जुना. चंद्रपूरला त्याच्या घरी हौसेने जमवलेले असे चार होते. हा पाचवा तो सात वर्षं शोधत होता. कळांवरची अक्षरंसुद्धा पुसली नव्हती. त्याने त्यांवरून हळूच बोट फिरवलं.

“बाई, तुमी त फोनवर बंद आहे म्हणाल्या.”

“मीच बंद ठेवला,” अंजनाबाई म्हणाल्या. “घेऊन जा भाऊ. जागा तरी मोकळी होईल.”

खाटेवर त्यांचे यजमान, रामाजी गुरुजी, उशीला टेकून होते. सावली गावच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. वाचा गेली, उजवा हात गेला. डावं एक बोट तेवढं त्यांचं ऐकत होतं. पडदा उजळला तसं ते बोट चादरीवर हलू लागलं.

देवानंदने कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. एकेक कळ शोधायला फार वेळ लागला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं.

“पाठ दुखते म्हणतात,” देवानंदने वाचलं.

अंजनाबाईंनी गुरुजींना कुशीवर वळवलं, उशी सारखी केली. मग भिंतीकडे पाहत म्हणाल्या, “मले इंग्रजी येत नाई. पोरगी वाचून सांगे. नूतनचं लगन झालं, भामरागडले गेली. मंग हे लिहीत, अन् मी नुसती पाहात राहो. हे चिडत, मी रडो. एक दिवस वायरच काढून ठेवली. तीन महिने झाले.”

“मराठी वाचता?”

“चवथी शिकली ना मी.”

कॉम्प्युटर न्यायला देवानंदने आणलेलं खोकं दाराशी उघडंच होतं. थोडा वेळ तो त्याच्याकडे बघत बसला. मग त्याने चौकटींची वही मागितली.

एका अक्षराला आठ घरं आडवी, आठ उभी. कोणतं घर भरायचं ते आकड्यांत सांगितलं, की हा कॉम्प्युटर इंग्रजी अक्षराच्या जागी तेच चित्र उमटवायचा. याच गुणासाठी तो देवानंदला हवा होता. दुपारभर तो घरं काळी करत राहिला. ‘क’ साधला. ‘झ’ चारदा बिघडला. डोळे चुरचुरले, मान आखडली. ऊन उतरेपर्यंत एकवीस अक्षरं झाली. कॉम्प्युटर बंद केला की ती पुसली जाणार, म्हणून त्याने टेपरेकॉर्डर जोडून ती कॅसेटवर साठवली, कळांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि टेप कशी लावायची ते बाईंकडून दोनदा करवून घेतलं.

“काना, मात्रा, वेलांट्या राहिल्या. पुढच्या रविवारी येतो.”

“अन् हा नेत नाई?”

“नाई.” त्याने खोकं घडी घालून काखेत मारलं.

गुरुजींचं बोट चिठ्ठ्यांवर फिरत होतं. थांबलं. पडद्यावर ‘ब’ आला. बऱ्याच वेळाने ‘स’.

अंजनाबाई पडद्याजवळ गेल्या. “ब... स,” त्यांनी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. “बस म्हणतात.”

हातातला तांब्या त्यांनी खाली ठेवला आणि खाटेच्या कडेवर बसल्या. गुरुजींनी कळांवरून बोट उचललं. पुढे काही लिहिलं नाही.