शुभेच्छुक

उन्नतीच्या हिशेबात एका बातमीचे दोन फायदे होते: पेपरात नाव आणि कॉलेजात दाखवायला इंटर्नशिपचं सर्टिफिकेट. धामणकर नाक्यावरच्या बेकायदा फ्लेक्समुळे वळणावरची रिक्षाच दिसत नाही, ही तिची बातमी साप्ताहिकात नावासकट छापून आली. संपादक म्हणाले, "छान. आता परिणाम दाखव. एक तरी फ्लेक्स उतरल्याचा फोटो आण, मग सर्टिफिकेट घेऊन जा."

आठवड्यानं ती नाक्यावर गेली, तर उतरला एकही नव्हता, उलट एक वाढला होता आणि तो सगळ्यांत मोठा होता. त्यावर हात जोडून उभी उन्नती, डोक्यावर 'भिवंडीची शान, निर्भीड पत्रकार' आणि खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेले तिचे बाबा, केसरीनाथशेठ.

"बाबा, अहो माझी बातमीच फ्लेक्सच्या विरोधात होती."

"बातमी कोण वाचतो? मी नाव वाचलं," बाबा म्हणाले. "इथं लोक कुत्र्याच्या बड्डेला फ्लेक्स लावतात. माझी पोर त्याच्यापेक्षा कमी हाय का?"

उन्नतीनं शिडी मागवली, फ्लेक्स उतरवला आणि फोटो काढला.


'आमच्या बातमीचा दणका, नाक्यावरचा सर्वांत मोठा फ्लेक्स अखेर हटला' या मथळ्याच्या अंकाच्या पन्नास प्रती विकत घेऊन गावभर पेढ्यांसोबत वाटल्या त्या, फ्लेक्सच्या छपाईचं बिल आदल्याच दिवशी भरून आलेल्या केसरीनाथशेठनी.